टेलपर्यंत किती पोहोचलं?

मोबाईल खिशात ठेवा. बेड तीनचा चार्ट काढा आणि इथे टेबलावर ठेवा, सगळ्यांना दिसेल असा. रात्रपाळीच्या दोघींनीही थांबायचं. ही बस गेली तर पुढची मिळेल. आरएमओ, तुम्हीही बसा. हे बोलणं सिस्टरांसाठी आहे असं समजून तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे राहिलात, अर्धी चूक तिथेच आहे.

बेड तीन. वय पंचावन्न, वजन साठ किलो, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर सहावा दिवस. काल फीडची ऑर्डर काय होती? मोठ्यानं वाच. आरटी फीड 200 मिली, दर तीन तासांनी. म्हणजे आठ वेळा, सोळाशे मिली. दिलं किती? चार वेळा, आठशे. सकाळी सहाचं राहिलं, कारण स्पंजिंग चाललं होतं. नऊचं राहिलं, कारण सीटी स्कॅनला बारामतीला न्यायचं होतं. बाराचं राहिलं, कारण गाडी परत यायला दीड वाजला. रात्री तीनचं राहिलं, कारण अ‍ॅस्पिरेट दीडशे आलं. चारही कारणं सुवाच्य अक्षरात लिहिली आहेत. बेरीज कुणीच केलेली नाही.

आता त्या आठशेत काय होतं ते बघू. दुपारी तीनला नारळपाणी. सहाला वरणाचं वरचं पाणी. नऊला पुन्हा नारळपाणी. रात्री बाराला साखर घातलेलं दूध. खडू घे आणि फळ्यावर मांड. दोनशे मिली नारळपाण्यात चाळीसच्या आसपास कॅलरी, दोन वेळचे ऐंशी. वरणाच्या पाण्याचे फार तर साठ. दुधाचे एकशे तीस आणि साखरेचे चाळीस. किती झाले? तीनशे दहा. प्रथिनं दहा ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. त्या माणसाला या टप्प्यावर किलोमागे पंचवीस धरले तरी दीड हजार कॅलरी लागतात आणि प्रथिनं सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम. तुम्ही त्याला पाचवा हिस्सा जेवण दिलं, प्रथिनं तर सातवा हिस्साही नाहीत, आणि इनटेकच्या रकान्यात 800 लिहून मोकळ्या झालात. तो रकाना पाणी मोजतो. त्यात नारळपाणी आणि दूध एकाच भावानं जातं. मूत्रपिंडासाठी तो आकडा बरोबर आहे. पोटासाठी तुमच्याकडे रकानाच नाही.

पहिले दोन-तीन दिवस पूर्ण मापाचं द्यायचं नसतं, हे मला माहीत आहे. आजाराच्या पहिल्या झटक्यात शरीर आतूनच साखर ओतत असतं, त्यावर भरपूर लादलं तर नुकसान होतं. म्हणून चोवीस-अठ्ठेचाळीस तासांच्या आत थोडं सुरू करायचं आणि चढवत न्यायचं. पण आज सहावा दिवस आहे. पाच दिवसांचे कागद मी सकाळी बसून चाळले. एकाही दिवशी पाचशेच्या वर गेलेलं नाही.

तुमच्यातल्या किती जणींच्या घरी गाई आहेत? हात वर करा. निमगाव केतकी, लासुर्णे, काटेवाडी, जवळजवळ सगळ्याच. दहा लिटर देणाऱ्या गाईला खुराक किती, पंधरा लिटरवालीला किती, मका किती आणि पेंड किती, हे तुमच्या घरात सातवीतलं पोर सांगेल. गाईनं दोन दिवस गव्हाणीत तोंड घातलं नाही तर रात्री डॉक्टरला फोन जातो. इथे सहा दिवस एका माणसाच्या गव्हाणीत काय पडलं ते विचारलं तर तुम्ही एकमेकींची तोंडं बघता. मला याचा राग आहे, आणि तो आवाज चढवून उतरणारा राग नाही.

तुम्ही इंदापूर-बारामतीकडच्या पोरी. नीरा डावा कालवा तुम्हाला मी समजावून सांगायचा? 1880 च्या दशकात पाणी सुटलेला तो कालवा. दर आवर्तनात वर किती क्युसेक सोडलं ते कागदावर असतं, आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत उभा असतो. वर सोडलेलं म्हणजे खाली पोहोचलेलं नव्हे, हे सांगत तुमचे आजोबा आणि वडील पाटबंधारे खात्याच्या कचेरीत खेटे घालत आलेत. वाटेत गळती होते, कुणी दार उघडं टाकतं, कुठे चारी गाळानं भरलेली असते. केसपेपरावरची ऑर्डर म्हणजे वर सोडलेलं पाणी. बेड तीनचं आतडं म्हणजे टेल. तुमच्या वडिलांनी जो प्रश्न साहेबाला विचारला, तो इथे तुम्ही स्वतःला विचारायचा होता. टेलपर्यंत किती पोहोचलं?

सलाईन चालू आहे ना, असं मला काल एकीनं उत्तर दिलं. तिचं नाव घेत नाही. पण हे उत्तर पुन्हा ऐकायचं नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. शंभरही कॅलरी होत नाहीत, एका ज्वारीच्या भाकरीत त्याहून जास्त असतात. प्रथिनं शून्य. गावात माणूस अशक्त झाला की बाटली लावायला येतो आणि बाटली लागली की घरच्यांना हायसं वाटतं. त्यांना तसं वाटलं तर मी समजू शकते. तुम्ही तीन वर्षं शिकून आलात.

आणि हे न पोहोचलेलं जातं कुठून? मांडीतून. लंडनमध्ये 2013 साली आयसीयूतल्या 63 रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजत गेले. दहाव्या दिवशी त्याचा आडवा छेद जवळजवळ 18 टक्क्यांनी घटला होता. सगळी घट काही फीडनं थांबत नाही. जंतुसंसर्ग स्नायू खातोच, पडून राहिल्यानंही तो झिजतो. पण वरून उपासही घडला तर श्वासाचा पडदा कशाच्या बळावर हलणार? व्हेंटिलेटर सुटत नाही म्हणून तुम्ही रोज सेटिंग बदलता, अँटिबायोटिक बदलता. बेड तीनची मांडी कुणी दाबून पाहिली आहे का? आत्ता राउंडला पाहू.

अ‍ॅस्पिरेटवर या. रात्री तीनला दीडशे मिली निघालं म्हणून फीड बंद ठेवलं. उलटी झाली होती का? नाही. पोट फुगलं होतं? नाही. मग कुणी शिकवलं की दीडशेला थांबायचं? मीच शिकवलं असेल, वीस वर्षांपूर्वी. तेव्हा तसं शिकवत होते. ते मागे पडलं आणि मी तुम्हाला ते दोनदा सांगितलंही आहे. फ्रान्समधल्या नऊ आयसीयूंत 449 रुग्णांवर पाहिलं, 2013 सालीच. निम्म्यांचं अ‍ॅस्पिरेट मोजलं, निम्म्यांचं मोजलंच नाही. न मोजलेल्यांत न्यूमोनिया वाढला नाही, उलट त्यांना फीड जास्त मिळालं. अमेरिकेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पाचशेच्या आत आणि दुसरं काही लक्षण नसेल तर थांबू नका. पोट हे तळं आहे, त्यात थोडं साठणारच. मोजायचंच असेल तर मोजा, पण उलटी, फुगलेलं पोट, कडक झालेलं पोट, यांच्या जोडीनं तो आकडा वाचा. खरंच तुंबत असेल तर वेग कमी करा, मेटोक्लोप्रामाइड देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. सरळ शून्यावर यायचं नाही. आणि ते दीडशे तू बेसिनमध्ये ओतलंस. त्यात त्याचं आम्ल होतं, क्षार होते, तू दिलेलं दूध होतं. ते हळूच परत आत घालायचं असतं.

आरएमओ, थांबवायचं कधी हे तुमच्याकडून ऐकायला मला आवडलं असतं. दाब पडलेला आहे, नॉरअ‍ॅड चढतंय, लॅक्टेट वाढतंय, अशा वेळी आतड्याला रक्तच पोहोचत नाही, तिथे फीड लोटायचं नाही. आतड्यात अडथळा असेल, रक्तस्राव चालू असेल, तर नाही. दाब सावरला, औषधाचा डोस स्थिर झाला की तासाला दहा-वीस मिलीनं सुरू. आतड्याचा आवाज येईपर्यंत वाट बघण्याची गरज नाही. फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट आपल्याकडे दर हंगामात येतो. अ‍ॅट्रोपिननं त्याचं पोट मंदावलेलं असतं, म्हणून हळू चालायचं, पण तेवढ्यासाठी आठवडाभर कोरडं ठेवायचं नाही. आणि काल सीटीसाठी सकाळपासून एनबीएम कशाला? घशात नळी आहे, कफ फुगवलेला आहे. निघायच्या आधी फीड थांबवून नळीनं पोट रिकामं करून घेता आलं असतं. एवढा उपास कुणाच्या सोयीसाठी झाला, याचं उत्तर तुम्ही मला लेखी द्या.

आता डोक्याची बाजू. चार्टवर लिहिलंय, हेड अप 30. मी सकाळी सहाला आले तेव्हा बेड जेमतेम दहा अंशांवर होता आणि पेशंट घसरून पायथ्याला पोहोचला होता. हा खोटा आकडा आहे. खोटं लिहिण्यापेक्षा रिकामं सोडलेलं मला चालतं. बार्सिलोनात 1999 साली 86 व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा अभ्यास झाला. उताण्या झोपलेल्यांत न्यूमोनियाची शंका 34 टक्क्यांत आली, 45 अंशांवर ठेवलेल्यांत 8 टक्क्यांत. एवढा फरक दिसल्यावर त्यांनी अभ्यास मध्येच थांबवला. आपल्या बेडचा क्रँक मोडला आहे, हे मला ठाऊक आहे. मी तीनदा लिहून दिलंय, चौथ्यांदा देईन. तोवर डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला, आमच्या काळात तेच करत होतो. कंपासपेटीतला कोनमापक आणा आणि दोरा लावून अंश बघा. डोळ्यांना दहाचे तीस दिसतात, मी मोजून पाहिलंय.

यानंतर जे सांगते ते मी सहसा सांगत नाही.

1993 साली मी नवी स्टाफ होते. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही, चूक माझ्या हाताची होती. मेंदूत रक्तस्राव झालेली एक बाई, बेशुद्ध. मी नळी घातली. ती खोकली नाही, म्हणून मला वाटलं नीट गेली. पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, सिरिंजनं हवा मारली, गुडगुड ऐकू आली. दोनशे मिली दूध दिलं. दहा मिनिटांत ओठ निळे पडले. फोटो काढला तेव्हा नळी उजव्या फुप्फुसात होती. चौथ्या दिवशी ती गेली. तिची मुलगी माझ्याच वयाची होती आणि जाताना मला नमस्कार करून गेली, कारण तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मीही नाही.

बेशुद्ध माणूस खोकत नाही. फुप्फुसाच्या तळाशी मारलेल्या हवेची गुडगुड पोटावरही ऐकू येते. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेनं 2005 मध्ये सगळ्या रुग्णालयांना कळवलं की या हवेच्या चाचणीवर विसंबू नका. आणि काल रात्री तुम्हाला तेच करताना पाहिलं, असं मी आज ऐकते. नाकाचं टोक, कानाची पाळी, छातीच्या हाडाचं खालचं टोक, असं मोजून नळी घालायची. आतला रस काढून पीएच पट्टीवर टाकायचा, साडेपाच किंवा खाली आला तर पोट. आम्ल कमी करणारी औषधं चालू असली किंवा नुकतंच फीड गेलेलं असलं तर तो आकडा वर जातो, मग शंका ठेवायची आणि एक्स-रे काढायचा. बेशुद्ध आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पहिल्यांदा नळी घातली की एक्स-रे बघितल्याशिवाय पाण्याचा थेंबही सोडायचा नाही. नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरची खूण आहे ते दर ओव्हरला वाचायचं. बेड तीनची खूण कितीवर आहे? कुणालाच माहीत नाही. मला माहीत होतं की नसेल.

जॉन राईल या इंग्रज डॉक्टरांनी 1921 च्या सुमारास ही नळी आणली ती पोटातला रस काढून तपासण्यासाठी. जेवण घालायला आपण ती पुढे वापरू लागलो. म्हणून तिच्याकडून जेवणाचं काम करून घ्यायचं तर ती जपावी लागते. डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या लॅटरलची टोकं उघडून तुम्ही गाळ काढता ना? इथेही दर फीडच्या आधी आणि नंतर तीस मिली पाणी. गोळ्या एकत्र कुटून चिखल करून ढकलायच्या नाहीत. एकेक गोळी वेगळी, मध्ये पाणी. आवरण असलेली गोळी कुटायचीच नाही. फेनिटॉइन फीडबरोबर दिलं तर रक्तात नीट उतरत नाही. त्या वेळी फीड किती वेळ थांबवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तेवढंच थांबवा.

मागच्या गळिताच्या हंगामातला तो ऊसतोड मजूर आठवा. आधीचे दहा दिवस दारूशिवाय पोटात काही नव्हतं, हाडांचा सापळा. कुणीतरी कळवळून पहिल्याच दिवशी पूर्ण माप चढवलं. तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके बिघडले. फॉस्फेट खाली गेलं होतं, पोटॅशियमही. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमार झालेले कैदी भरपेट जेवल्यावर असेच आजारी पडले आणि काही मेले. उपाशी शरीरात साखर शिरली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातले हे क्षार पेशींत ओढले जातात. अशा माणसाला आधी थायमिन, मग किलोमागे दहा-वीस कॅलरीनं सुरुवात, आणि रोज पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट. आपल्याकडे फॉस्फेट होत नाही म्हणून मागवायचंच नाही, हे चालणार नाही. सॅम्पल बारामतीला जातं.

तेव्हा तुम्ही जास्त दिलंत, आता कमी देताय. दोन्ही वेळा मोजलं नाहीत. मला एवढंच कळतंय.

राहिला प्रश्न पैशाचा. डबाबंद फॉर्म्युला महाग आहे आणि नातेवाइकांनी इथे यायच्या आधीच कर्ज काढलेलं असतं. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या 2018 च्या सूचना तयार फॉर्म्युल्याकडे झुकतात, कारण मिक्सरमध्ये घाण शिरते. ते बरोबर आहे. पण ज्याला तो परवडत नाही त्याला नारळपाण्यावर ठेवा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. गाईचं दूध सातशे मिली, साय काढलेल्या दुधाची पावडर साठ ग्रॅम, साखर चाळीस ग्रॅम, तेल वीस मिली, उकळून गार केलेलं पाणी घालून एक लिटर. हजाराच्या आसपास कॅलरी, प्रथिनं चाळीसच्या वर. मधुमेहाला, मूत्रपिंडाच्या रुग्णाला, दुधानं जुलाब होणाऱ्याला हे जसंच्या तसं चालणार नाही, तिथे आहारतज्ज्ञांना फोन करायचा. त्यांचा नंबर मी कपाटाच्या दारावर चिकटवलाय, त्यावर धूळ बसली आहे. वजनकाटा स्वयंपाकघरात आहे. चमच्यानं आणि अंदाजानं करायचं नाही. हात धुवा, मिक्सरचं भांडं उकळत्या पाण्यानं धुवा, केलेलं फीड फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढलं की दोन तासांत संपवायचं, उरलेलं टाकायचं. एप्रिलात इथे पारा चाळिशीला जातो. कालचं दूध खिडकीत होतं.

हुकलेलं फीड पुढच्यात भरायचं असतं. दर वेळेचं माप हे साधन आहे, दिवसाचा आकडा हे काम आहे. सकाळी सहाचं गेलं तर नऊ, बारा, तीन आणि सहाला दोनशेच्या जागी अडीचशे, पोट साथ देत असेल तर. कॅनडातल्या डॉक्टरांनी हे पाळीवरच्या नर्सच्याच हातात दिलं, दर वेळी डॉक्टरला उठवायला नको म्हणून. मी मोठ्या सरांशी बोलले आहे. आजपासून हा अधिकार तुमच्या हातात आहे, आणि ओव्हर देताना जाबही तुम्हीच द्यायचा.

चला, उठा. पट्टी घ्या. चार्टवर इनटेकच्या शेजारी चार रकाने आखा: ठरलेल्या कॅलरी, पोहोचलेल्या कॅलरी, ठरलेली प्रथिनं, पोहोचलेली प्रथिनं. आजचं पहिलं फीड तू कर, काट्यावर, माझ्यासमोर. आरएमओ, तुम्ही नळीची खूण बघा आणि एक्स-रे काढून मला दाखवा. बेड तीनचा मुलगा बाहेरच्या बाकावर बसलाय, मांडीवर पिशवी आहे, तिच्यात आजचं शहाळं आहे. त्याला मी सांगते. तो गेले सहा दिवस रोज पहाटे उठून ते आणतोय.